पाणकुसळीची ओळ

विद्यानगरच्या या फ्लॅटमध्ये दर तीन महिन्यांनी औषध मारणारा माणूस येतो. पाठीवर टाकी, नाकाला फडकं. ओट्याखाली, कपाटामागं, पलंगाच्या सांध्यांत फवारत जातो आणि मला सांगतो, "अम्मा, दो घंटे बाहर बैठो." मी जिन्यात खुर्ची टाकून बसते. हल्ली दोन तास नुसतं बसायचासुद्धा शीण येतो. तो यायच्या आधी मी माझे बाहेरचे कपडे उतरवून, पिशवीत घालून, गॅलरीत टांगून ठेवते. सून दर वेळी विचारते, आई, हे कशाला? मी म्हणते, सवय. तिला कुठवर सांगत बसू? आप्पा जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्यांचे किडे कुठल्या कुठं गेले, आणि मी अजून कपडे वाचवतेय. नातीनं म्हटलं लिहून ठेव आजी, मी वाचीन. तिला मराठीची पाटी वाचायला मिनिट लागतं. तरी लिहिते. सांगून सांगून जीभ थकली, हात अजून थोडा चालतो.

आम्ही तेव्हा गौलीगुड्यात राहायचो, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. पहाटेपासून कंडक्टरच्या शिट्ट्या, मग दुकानांची शटरं, मग शेजारच्या खालाम्मांच्या रेडिओवर बातम्या. आप्पा पहिल्या बसनं शहराबाहेरच्या सरकारी भाताच्या शेतावर जायचे. तिथं काचघरात त्यांची नोकरी होती, आणि नोकरी होती किडे पाळायची. लोकांचे बाप किडे मारतात, माझा पाळत होता. भाताच्या बुडाशी बसून रस पिणारे तपकिरी तुडतुडे, तिळाएवढे. तेलुगू मजूर त्यांना नुसतं 'दोमा' म्हणायचे. शेतात पडले की भात गोल गोल करपत जातं, वरून कुणी निखारे टाकल्यासारखं. आप्पा त्यांना बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, कुंडीतल्या कोवळ्या भातावर वाढवायचे. कारण गावोगावहून जुनी जुनी वाणं यायची, आणि त्यातलं कुठलं या किड्यापुढं टिकतं ते बघायचं, तर आधी किडा धडधाकट पाहिजे. मरतुकड्या किड्यानं घेतलेली परीक्षा काय कामाची, असं आप्पा म्हणायचे.

म्हणून आमच्या घरात एक कायदा होता. घरात औषध आणायचं नाही. ढेकणाची पावडर नाही, डासांची वडी नाही, झुरळांचा खडू नाही, उदबत्तीसुद्धा नाही. कपड्याला लागलं, हाताला लागलं, काचघरात गेलं, तर पिंजराच्या पिंजरा आडवा होईल. आप्पांनी बिडी सोडली ती आमच्यासाठी नाही, तुडतुड्यांसाठी. मायनं किती सांगून बघितलं होतं, बिडीनं खोकला येतोय म्हणून. घरात ढेकूण म्हणाल तर भिंतीच्या फटीतून रांगा. दर रविवारी बुद्धवंदना झाली की माय खाटा अंगणात काढून त्यांच्यावर उकळतं पाणी ओतायची आणि चार दिवसांनी पुन्हा सगळं होतं तसं. आमचे लोक आप्पांची चेष्टा करायचे, पहिलं शील, जीव न मारायचं, अख्ख्या वस्तीत एकटा हाच पाळतो म्हणून. खालाम्मांनी तर सरळ सांगून टाकलं होतं की तुमचे मियाँ खटमलांचे रिश्तेदार आहेत. माय हसायची. पण रात्रभर खाजवून सकाळी भाकरी थापायला बसायची तेव्हा तिचे डोळे चुरचुरलेले असायचे, आणि तिला फार वेळ हसता यायचं नाही.

संध्याकाळी आप्पा आले की आधी दारात शर्ट काढून झटकायचे. मग न्हाणीत. मग अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, लसणाची चुर्रकन बसलेली फोडणी. रेशनचा तांदूळ रविवारी, खालाम्मांनी शिकवलेली खिचडी आणि तीळ-चिंचेचा खट्टा. तो तांदूळ निवडताना माय दर वेळी म्हणायची, याला चव ना वास, आमची पाणकुसळी कुठं आणि हे कुठं. पाणकुसळी म्हणजे तिच्या माहेरची साळ. देगलूरकडचं गाव, तळ्याच्या पोटात पाटलाचा एक पाणथळ तुकडा. तिथंच ती यायची, लाल दाण्याची, लांब कुसळाची. पाटलाच्या घरीसुद्धा ती कुणी आवडीनं खात नसे, गड्यांना द्यायचे. कापणी झाली की माय आणि तिची माय चिखलात वाकून सरवा वेचायच्या, पडलेल्या लोंब्या. म्हणजे ती साळ मायची कधीच नव्हती. पण बोलायची अशी की हिच्याच बापाची जहागीर.

त्या वर्षी मामा आला तो पावशेराची एक पोटली घेऊन. म्हणाला, घे बाई, हे शेवटचं. पाटलाच्या पोरानं पाणथळ बुजवलं, आता तिथं सोयाबीन. मायनं पोटली छातीशी धरली. नेमकं त्याच आठवड्यात काचघरातल्या साहेबांनी सगळ्या कामगारांना सांगितलं होतं, आपापल्या गावचं जुनं भात असेल तर आणा, तपासून बघू. टिकलं तर देणाऱ्याचं नाव वहीत चढेल, सही घेऊ, आणि ते बी देणाऱ्याच्या नावानं थंड खोलीत कायमचं ठेवू. आप्पांनी हे जेवताना सांगितलं. मायनं विचारलं, माझं नाव? आप्पा म्हणाले, बी तुझं, तर नाव तुझंच. माय अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली. तिचं नाव तोवर रेशन कार्डावरच काय ते होतं, आणि तिथंही 'पत्नी' म्हणून. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याकडे गयाबाई लिहायला शिकू लागली. माझी दहावी. मी प्रमेयं पाठ करायची, ती शेजारी पाटीवर 'ग' ची काठी काढायची, पुसायची, पुन्हा काढायची.

आता माझं पाप सांगते. त्या दिवसांत ढेकणांनी मला झोपू दिलं नाही. गणिताचं पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. जामबागेतल्या शाळेतून येताना एका दुकानात ढेकणाच्या पावडरीची पिवळी पुडी दिसली, मी ती दप्तरात लपवून आणली. माय खालाम्मांकडे गेली होती. खाटेवर वाकळ, वाकळीखाली मायचं जुनं लुगडं अंथरलेलं. मी वाकळ उचलून त्या लुगड्यावर पुडी रिकामी केली. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. दुसऱ्या दिवशी लुगडं अंगणात झटकलं, घडी केली, वाटलं झालं. आप्पांच्या कपड्यांपासून मात्र लांब राहिले, इतकी अक्कल होती मला. पण अर्धी अक्कल असलेल्या माणसाइतकं वाईट कुणी नाही.

काचघरात भात भिजवायची त्यांची रीत होती, ओल्या कागदावर, झाकणीत. पण माय हट्टाला पेटली. म्हणाली, माझ्या साळीला मोड मीच आणीन, मटकीला आणते तसे, तुमच्या कागदावर ती रुसंल. आप्पा हसले, आणि एवढ्यानं काय होतंय म्हणून हो म्हणाले. मायनं मला हाक मारली, सुमे, मऊ जुनं कापड दे गं, पाणी धरणारं. मी त्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडून दिला. देवाशप्पथ सांगते, माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. दोन दिवस ते ओलं गाठोडं चुलीपाशी उबेला होतं. तिसऱ्या दिवशी पांढरे, टोकदार मोड आले, आणि आप्पा ते डब्यातून घेऊन गेले. अर्धी साळ मायनं पोटलीतच ठेवली होती.

तपासायची रीत अशी. मातीच्या एका ट्रेमध्ये वीस-पंचवीस वाणांच्या ओळी पेरायच्या. मधोमध एक ओळ अशा वाणाची, की जे हमखास मरतं. आप्पा तिला मरणारी ओळच म्हणायचे. रोपं बोटभर झाली की वर तुडतुडे झटकायचे आणि वाट बघायची. मरणारी ओळ पुरती वाळली, की त्याच दिवशी बाकीच्या बघायच्या. आदल्या दिवशी बघितलं तर सगळीच वाणं शूर दिसतात, दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळीच मेलेली. आप्पा त्या आठवड्यात घरी आल्यावर मायशी एवढंच बोलायचे, आज दोन पानं गेली, आज निम्मी गेली. माय विचारायची, कुणाची? ते म्हणायचे, दुसऱ्यांची. तुझी हिरवी आहे.

आणि मग एका संध्याकाळी आप्पा शर्ट न झटकताच आत आले. अख्ख्या ट्रेमध्ये एकटी पाणकुसळी उभी होती. साहेब दोनदा चष्मा पुसून बघून गेले म्हणे, आणि गयाबाईंना सहीला आणा म्हणाले. माय त्या रात्री गूळ घालून भात शिजवायला बसली आणि पहिलं पातेलं लावलं ते करपवलं, इतकी तिची तारांबळ. खालाम्मांना सांगितलं, खालच्या दर्जीला सांगितलं, अंबाडी विकणाऱ्या अक्काला तेलुगूत सांगायचा प्रयत्न केला. मी तिला इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी ठेवणीतलं लुगडं नेसून माय आणि मी बसनं गेलो. काचघरात ओला, कोंदट उकाडा होता. आप्पांनी ट्रे दाखवला. चहूकडे वाळलेलं गवत झालेलं आणि त्यात एक हिरवी रेघ. माय खाली वाकली, रोपांना हात लावायची तिची छाती झाली नाही. मीही वाकले, आणि मला बुडाशी माती दिसली. त्या ओळीखाली तुडतुडे पडले होते. उताणे, पाय वर, जागच्या जागी. बाकीच्या ओळींखाली एकही नव्हता. ते मी ओळखलं. तसेच उताणे, पाय वर, माझ्या खाटेखाली त्या सकाळी ढेकूण पडले होते. मला एकदम त्या ओल्या गाठोड्याचा वास आठवला, आणि पदर कुठल्या लुगड्याचा फाडला होता तेही.

साहेबांनी वही पुढं केली. माय टेबलाशी उभी राहून नाव लिहू लागली. जीभ दातात धरून, एकेक अक्षर. साहेब थांबले, दोन शिपाई थांबले, आप्पा भिंतीला टेकून बघत होते. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. 'बा' चा काना ओढून होईपर्यंत वेळ होता. मी बोलले नाही. त्यानंतरही चार दिवस बोलले नाही, आणि ते चार दिवस माय घरात गाणं म्हणत हिंडत होती. आज इतक्या वर्षांनी विचाराल तर पुडी आणली त्याचं मला फारसं वाटत नाही. पोर होते, झोप पाहिजे होती. ते चार दिवस मात्र मला अजून गिळता आलेले नाहीत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आप्पा आले आणि खाली बसले. माय भाकरी थापत होती. त्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "सुमन, मोडाचं कापड कुठलं होतं?"

मी सांगितलं. लुगडं, पुडी, सगळं. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मग कुणाला सांगावं तसं नाही, नुसतेच बोलत राहिले. ज्या वाणात ताकद असते त्याच्यावर किडा बसतो, तोंड लावून बघतो, गोडी लागत नाही म्हणून दुसरीकडे जातो. मरायचा तो हळूहळू, उपाशी. हे मेले नव्हते, मारले होते. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, म्हणाले, पण माझे डोळे बघायला तयार नव्हते. चूक पोरीची नाही, मोड घरी आणू दिले ते मी. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.  मायच्या थापण्याचा आवाजसुद्धा चुकला नाही. तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, फुगली, आप्पांच्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब भले होते. म्हणाले, राहू दे, आता लिहिलंय, पुढच्या वर्षी पुन्हा बघू, तोवर कोण विचारतंय. आप्पा म्हणाले, साहेब, वहीवर भरवसा ठेवून कुणीतरी पेरील. साहेबांनी लाल पेन त्यांच्याच हातात दिलं. आप्पांनी गयाबाईवर रेघ मारली. ते घरी येऊन त्यांनी स्वतः सांगितलं, लपवलं नाही. साहेबांनी एवढंच म्हटलं होतं की ताजं, स्वच्छ बी पसाभर आणलंत तर पुन्हा लावू. मायनं पाटी फडताळावर ठेवून दिली, पेन्सिलीसकट.

उरलेली अर्धी पोटली तिनं जूनमध्ये पेरली. अंगणात तेलाचे पाच रिकामे डबे, त्यात चिखल. नळाला पाणी येईल तेव्हा आधी डबे, मग आमचं पिणं. मी मदतीला गेले की म्हणायची, तू अभ्यास कर. दहावी होऊन गेली होती, कसला अभ्यास? मला कळायचं. मी लांबूनच बघायची. डब्यांतली साळ कमरेएवढी झाली, पोटरली, लाल कुसळं बाहेर पडली. खालाम्मा येऊन कौतुक करून जायच्या. आप्पा त्या पावसाळ्यात फार थकलेले असायचे. दारात शर्ट झटकायचं त्यांचं राहून जायला लागलं होतं, तसेच येऊन अंगणात डब्यांपाशी बसायचे.

एका सकाळी मधल्या डब्यातली साळ तळाकडून पिवळी पडलेली दिसली. दोन दिवसांत तांबूस, चार दिवसांत वाळून कोळ. मग शेजारचा डबा, मग त्याच्या शेजारचा. मायनं रोपं बाजूला करून बुडाशी बघितलं आणि आप्पांना हाक मारली. तिनं विचारलं, "हे तुमचेच का?"

आप्पांनी वाकून बघितलं. "आमचेच," म्हणाले. त्यांच्याच कपड्यांवरून आले होते, दुसरीकडून यायला जवळपास भात कुठं होतं? मला वाटलं आता माय रडेल. ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. पदर तोंडात धरून हसली, खालाम्मा धावत आल्या इतकी. म्हणाली, सरकारी किडे बसनं घरी आले परीक्षा घ्यायला, आता तरी खरं माना. आप्पाही हसले. मी हसले नाही. मोजून पाचही डबे आठ दिवसांत वाळले. पाणकुसळी मरणाऱ्या ओळीसारखीच निघाली. मायच्या माहेरच्या साळीत काही ताकद नव्हती, ती सगळी माझ्या पुडीची होती.

पण आप्पा रोज त्या वाळलेल्या डब्यांपाशी बसायचे, सवयीनं. दहाव्या की अकराव्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. शेवटच्या डब्यात, काडाच्या गर्दीत, एक रोप उभं होतं. तीन फुटवे, हिरवे. बुडाशी तुडतुडे नावाला होते, जिवंत, खंगलेले. आप्पांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी जोर आला. गावचं वाण एकजात नसतं गं, म्हणाले, एका वस्तीत दहा घरचे दहा असतात, तसं. त्यातलं एखादं घर टिकतं. त्यांनी त्या रोपाला माझी दस्ती, हातरुमाल, बांधू दिली नाही, जानव्यासारखा जपून बांधतो म्हणत सुतळीचा तुकडा बांधला, आणि मग स्वतःच म्हणाले, जानवं कुठलं आपलं, जुनी बोली तोंडातून जात नाही. तीन लोंब्या पिकल्या. दाणे मूठभरसुद्धा नव्हते.

साहेबांनी ते घेतले. थोडे आहेत, वाढवून मग तपासू म्हणाले, पण वहीत आजच चढवू. आम्ही तिघं पुन्हा त्याच टेबलाशी. मी घरून निघताना फडताळावरून पेन्सिल घेतली होती, बसमध्ये मायच्या हातात द्यायला गेले तर तिनं खिडकीबाहेर बघितलं. साहेबांनी पेन पुढं केलं. मायनं ते बाजूला सारून टेबलावरचं शाईचं पॅड ओढलं. आप्पा कळवळले. आमच्या घरात अंगठा? तुला तर लिहिता येतं गया, सगळ्यांनी बघितलंय, असं हलक्या आवाजात विनवत राहिले. त्यांची आई आयुष्यभर अंगठा उठवत मेली होती, त्यांना तो डाग सोसायचा नाही.

माय म्हणाली, "लिवलेलं नाव एका रेघेनं जातंय. ह्याच्यावर मारा म्हणावं रेघ."

आणि तिनं अंगठा असा दाबला की वहीच्या मागच्या पानावर खळगा पडला. आप्पांनी मान खाली घातली. तिचा अंगठा काळा झाला होता, पुसायला काही नव्हतं. मी कमरेची दस्ती काढून तिचा हात धरायला गेले, तर तिनं हात मागं घेतला.

"राहू दे," म्हणाली, "तुझं कापड नको."

आणि ठेवणीतल्या लुगड्याला अंगठा पुसून ती बसकडे चालू लागली. ती हसून म्हणाली की कशी, ते मला नीट दिसलं नाही. विचारायला पुढं पुष्कळ वर्षं होती. मी विचारलं नाही.